एकच हुकूम, आठ गावं : कफर कासिम, २९ ऑक्टोबर १९५६

इस्राएलच्या सीमा पोलिसांच्या एका बटालियनला एकाच दुपारी एकच हुकूम मिळाला. तो आठ अरब गावांना लागू होता. त्यांपैकी कफर कासिम या एका गावाच्या वेशीवर संध्याकाळी पाच ते साडेसहाच्या दरम्यान ४८ माणसं मारली गेली. इतर गावांत तसं हत्याकांड झालं नाही. हुकूम तोच, पोशाख तोच, भीती तीच, तरी परिणाम एवढा वेगळा. लष्करी आज्ञापालन आणि सैनिकाचा विवेक यांचा अभ्यास करायला याहून स्पष्ट प्रकरण क्वचितच मिळेल, कारण तुलना घटनेतच आहे. ‘त्या जागी दुसरा कोणी असता तर काय केलं असतं’ हे इथे कल्पनेने ठरवावं लागत नाही. दुसरे होते, शेजारच्याच गावात होते, आणि त्यांनी काय केलं हे न्यायालयासमोर आलं.

पार्श्वभूमी

जॉर्डनशी झालेल्या १९४९ च्या शस्त्रसंधीनंतर त्या सीमेलगतचा अरब गावांचा एक पट्टा इस्राएलकडे आला. त्याला ‘त्रिकोण’ म्हणतात. तिथले लोक इस्राएलचे नागरिक झाले, पण त्यांच्यावर लष्करी प्रशासन होतं आणि ते १९६६ पर्यंत टिकलं. प्रवासाला परवाना लागे आणि रात्री संचारबंदी असे. या सगळ्याला कायद्याचा आधार होता तो ब्रिटिश अमदानीतल्या १९४५ च्या संरक्षण (आणीबाणी) नियमांचा.

कफर कासिम हे यातलं एक गाव. इथली माणसं रोज पहाटे बाहेर पडत. कोणी पेताह तिक्वा, लोद, याफा इथे मजुरीला जाई, कोणी दगडखाणीत, कोणी ऑलिव्हच्या बागांत. संध्याकाळी सायकलवर, खेचराच्या गाडीत किंवा ट्रकमधून ती घरी परतत. हा परतीचा क्रम लक्षात ठेवायला हवा. पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

२९ ऑक्टोबर १९५६ रोजी इस्राएलने सिनाईत इजिप्तवर हल्ला सुरू केला. पहिले छत्रीधारी सैनिक मितला खिंडीजवळ उतरले ते संध्याकाळी पाचच्या सुमाराला. मोहीम अखेरच्या घटकेपर्यंत गुप्त होती आणि जॉर्डनही युद्धात उतरेल अशी शंका होती. त्या बाजूची सीमा शांत ठेवण्याची जबाबदारी कर्नल इस्सखार शदमी यांच्या ब्रिगेडवर होती. सीमा पोलिसांची एक बटालियन त्यांच्या हाताखाली देण्यात आली. तिचा प्रमुख होता मेजर श्मुएल मलिंकी.

हुकूम खाली कसा उतरला

आधी संचारबंदी रात्री नऊला लागत असे. शदमींनी त्या दिवशी ती संध्याकाळी पाच ते सकाळी सहा अशी वाढवली आणि ती सक्तीने, गोळीच्या बळावर पाळवून घ्या असं मलिंकीला सांगितलं. मलिंकीच्या साक्षीप्रमाणे त्याने विचारलं की कामावर गेलेल्या आणि संचारबंदी माहीतच नसलेल्या माणसांचं काय? त्यावर, मलिंकीच्या म्हणण्यानुसार, शदमींनी भावनाविवशता नको असं सांगितलं आणि अरबीत दोन शब्द उच्चारले : ‘अल्लाह यरहमो’. म्हणजे देव त्याच्यावर दया करो. मेलेल्या माणसाविषयी बोलताना हे शब्द वापरतात. असं काही बोललो नाही, असं शदमींनी न्यायालयात सांगितलं. खोलीत तिसरा कोणी नव्हता आणि लेखी हुकूमही नव्हता.

मग मलिंकीने आपल्या अधिकाऱ्यांना ब्रिफिंग दिलं. घरात असलेल्यांना हात लावायचा नाही, पण पाचनंतर जो घराबाहेर दिसेल त्याला गोळी घालायची. अटक करायची नाही. अधिकाऱ्यांनी प्रश्न विचारले, आणि इथे विशेष लक्ष द्यायला हवं, कारण लष्करात कोणी प्रश्न विचारत नाही हा समज या प्रकरणात टिकत नाही. बायका-मुलांचं काय, हे विचारलं गेलं. उत्तर आलं, भावना बाजूला ठेवा. कामावरून परतणाऱ्यांचं काय, हेही विचारलं गेलं. उत्तर आलं तेच दोन शब्द, वरिष्ठांचा हवाला देऊन.

प्रश्न योग्य माणसाला, योग्य वेळी आणि नेमका विचारला गेला होता. बिघडलं ते उत्तरात. ‘देव दया करो’ हा हुकूम नाही आणि मनाईही नाही. तो एक वाक्प्रचार आहे. ऐकणाऱ्याने त्यातून ‘मारा’ असा अर्थ घ्यावा, आणि उद्या चौकशी झाली तर ‘मी मारा असं म्हटलंच नव्हतं’ असं सांगता यावं, अशी त्याची रचना असते. वरिष्ठाने थेट शब्द टाळला तर कनिष्ठाने तो त्याच्याकडून वदवून घ्यायला हवा. त्या दुपारी ते घडलं नाही. एका पायरीवर घडलेला टाळाटाळीचा संवाद खालच्या पायरीवर धोरण म्हणून पोचला.

ब्रिफिंगमधलं दुसरं वाक्य कमी चर्चिलं जातं, पण आमच्या मते ते जास्त घातक ठरलं : अटक नाही. संचारबंदी मोडणाऱ्याला थांबवणं, झडती घेणं, बसवून ठेवणं, सकाळी सोडणं किंवा खटला भरणं ही नेहमीची शिडी असते. ‘अटक नाही’ म्हटलं की या शिडीच्या मधल्या सगळ्या पायऱ्या निघून जातात. मग रस्त्यावर उभ्या असलेल्या शिपायासमोर दोनच गोष्टी उरतात, जाऊ देणं किंवा मारणं. भेदरलेल्या आणि हुकमाने बांधलेल्या माणसाला ‘जाऊ देणं’ म्हणजे अवज्ञा वाटते. बंदी घालणारं एक छोटं वाक्य, पण त्याने शिपायाचा विवेक वापरायची जागाच काढून घेतली.

साडेचार ते साडेसहा

संध्याकाळी साडेचारला सीमा पोलिसांचा एक सार्जंट कफर कासिमच्या मुख्तारकडे गेला. मुख्तार म्हणजे साधारण आपल्याकडच्या पोलीस पाटलासारखा माणूस. पाच वाजता संचारबंदी आहे, हे त्याला सांगण्यात आलं. मुख्तार म्हणाला की गावातले जवळजवळ ४०० लोक बाहेर कामावर आहेत आणि अर्ध्या तासात त्यांना निरोप देणं शक्य नाही. परतणाऱ्यांना येऊ देऊ, असं आश्वासन सार्जंटने दिलं. म्हणजे या अडचणीचा हिशेब गोळीबाराच्या अर्धा तास आधी, गावातल्या जबाबदार माणसाने, गणवेशातल्या माणसासमोर मांडला होता. ४०० माणसं आणि ३० मिनिटं. पाळताच येणार नाही असा हा आदेश होता आणि तो पाळला नाही म्हणून शिक्षा मृत्यूची होती.

गावाची जबाबदारी लेफ्टनंट गेब्रिएल दहान याच्या प्लाटूनकडे होती. पश्चिमेच्या वेशीवरची तुकडी कॉर्पोरल शालोम ओफर याच्या हाताखाली होती. पाचनंतर पहिले आले ते सायकलींवरून परतणारे चार खाणकामगार. त्यांना थांबवून गोळ्या घालण्यात आल्या. मग गाड्या आल्या, ट्रक आले. ऑलिव्ह तोडून परतणाऱ्या बायका-मुलींचा ट्रकही त्यात होता. गोळीबाराचे वेगवेगळे नऊ प्रसंग झाले. मृतांत १९ पुरुष, ६ स्त्रिया आणि ८ ते १७ वयाची २३ मुलं होती. एका मृत स्त्रीच्या पोटात बाळ होतं. ते धरून गाव आजही ४९ मोजतं.

हा एका क्षणाचा भडका नव्हता, हे नऊ या आकड्यावरून कळतं. पहिल्या प्रसंगानंतर दुसरा सुरू होण्याआधी शांतता होती. रस्ता रिकामा होता. समोर पडलेले कोण आहेत हे दिसत होतं : डबा, सायकल, कामाचे कपडे, शस्त्र नाही. दर वेळी पुन्हा निर्णय घ्यावा लागला आणि दर वेळी तोच घेतला गेला. पहिल्या गोळीबाराने पुढच्याचा रस्ता मोकळा केला. पहिले दोन चुकीचे होते असं मान्य केलं असतं, तर तिसऱ्या वेळी बंदूक खाली ठेवावी लागली असती, आणि मग पहिल्या दोनांचं काय हा प्रश्न उभा राहिला असता. सामूहिक हत्येची चौकशी करताना एकूण आकड्यापेक्षा दोन प्रसंगांमधल्या वेळेकडे बघावं. विवेक जागा व्हायला तिथे फट असते. तिथे काय बोललं गेलं, कोण गप्प राहिलं, वायरलेसवर काय कळवलं गेलं, हे विचारलं की प्रकरण उलगडायला लागतं.

शेजारची गावं

तोच हुकूम कफर बारा, जलजुलिया, तीरा, तय्यिबे, कलन्सुवा, बीर अस-सिक्का आणि इब्थान या गावांनाही होता. तिथेही माणसं कामावरून उशिरा परतत होती. काही अधिकाऱ्यांनी परतणाऱ्यांना घरी जाऊ दिलं. एकाच ब्रिफिंगमध्ये बसून ज्यांनी तेच शब्द ऐकले, त्यांचे अर्थ वेगळे निघाले.

या माणसांनी बंड केलं नाही. शस्त्र टाकलं नाही, मेजरला आव्हान दिलं नाही, भाषण केलं नाही. हुकमाचं सार संचारबंदी आहे, लोक घरात असावेत हा त्याचा हेतू आहे, आणि समोरचा माणूस घरीच चालला आहे, एवढंच त्यांनी पाहिलं. घराकडे जाणारा माणूस संचारबंदी मोडत नसतो, ती पूर्ण करत असतो. त्याला मारणं म्हणजे हुकमाच्या शब्दांसाठी हुकमाचा हेतू मारणं. हे कळायला कायद्याची पदवी लागत नाही.

बेकायदा हुकमाला विरोध म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे वीरश्री येते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा तो विरोध हुकमाच्या आत राहून त्याचा अर्थ अरुंद करण्यातून होतो : उशीर लावणं, पुन्हा विचारणं, ‘थांबा’ म्हणून आधी ओळख पटवणं, लोकांना गटाने आत नेणं. शिस्तीचा सांगाडा मोडत नाही आणि माणसंही वाचतात. सैन्यात हे शिकवता येतं. शौर्य शिकवणं त्यापेक्षा फार अवघड आहे.

प्लाटून कमांडरच्या हातात काय होतं

कफर कासिमच्या वेशीवर पाच वाजून वीस मिनिटांनी उभ्या असलेल्या अधिकाऱ्याला करता येण्याजोग्या गोष्टी बऱ्याच होत्या. येणाऱ्यांना लांबूनच थांबवायचं, हात वर करून उभं करायचं, एकेकाची झडती घ्यायची. ट्रकचं इंजिन बंद करून चालकाला आधी खाली उतरवायचं. नावं लिहायची. मुख्तारला वेशीवर बोलवायचं, म्हणजे गावचा माणूस कोण आणि परका कोण हे तो सांगेल. मग पाच-सात जणांचे गट करून एका शिपायाबरोबर घरापर्यंत सोडायचं. ते जमणार नसेल तर सकाळी सहापर्यंत एखाद्या इमारतीत बसवून ठेवायचं. ‘अटक नाही’ हा अडसर वाटला तर त्याला अटक न म्हणता सोबत देऊन घरी पोचवणं म्हणता आलं असतं.

दुसरी गोष्ट वायरलेस. इथे प्रश्न कसा विचारायचा हे फार महत्त्वाचं आहे. ‘परतणाऱ्यांचं काय करायचं’ असा मोकळा प्रश्न विचारला की मोकळं उत्तर येतं, वाक्प्रचार येतो. प्रश्न बांधून विचारायचा : ‘समोर चार नि:शस्त्र पुरुष, सायकली, ओळखपत्रं आहेत, गावाकडे चाललेत. यांना ठार मारण्याचा आपला हुकूम आहे का? हो किंवा नाही. वेळ पाच वाजून वीस. नोंदवहीत लिहितो आहे.’ अशा प्रश्नाला ‘हो’ म्हणायला वरिष्ठाला स्वतःचा आवाज द्यावा लागतो. अनेक वरिष्ठ तिथेच थांबतात, कारण ढगळ शब्दांत दिलेला हुकूम स्वच्छ शब्दांत परत द्यायची त्यांची तयारी नसते. आणि उत्तर ‘हो’ आलं, तर हुकूम काय आहे याबद्दल कनिष्ठाच्या मनात शंका उरत नाही. मग त्याने नकार द्यायचा असतो, तोही तितक्याच थोडक्यात.

हुकूम देणाऱ्या बाजूलाही हेच लागू होतं. बळाच्या वापराचा हुकूम देताना हेतू काय, लागू कोणाला, अपवाद कोणते, आधी काय करायचं आणि नंतर काय, शंका आली तर विचारायचं कोणाला, हे सगळं बोलून दाखवावं लागतं. मलिंकीच्या ब्रिफिंगमध्ये वेळ होती, शिक्षा होती, मनाई होती. अपवादांच्या जागी मात्र एक अरबी वाक्प्रचार होता.

न्यायालय आणि काळा झेंडा

सेन्सॉरशिपमुळे बातमी काही आठवडे दडली. कम्युनिस्ट खासदार तौफिक तुबी आणि मेईर विल्नर यांनी माहिती जमवून ती बाहेर पसरवली. डिसेंबरमध्ये पंतप्रधान बेन-गुरियन यांना संसदेत निवेदन करावं लागलं. लष्करी न्यायालयात ११ जणांवर खटला चालला. न्यायाधीश होते बेन्यामिन हालेवी. पुढे १९६१ मध्ये ज्यूंच्या संहारातला नाझी अधिकारी आइखमान याच्या खटल्यातही ते न्यायाधीश होते.

बचाव अपेक्षित होता : आम्ही हुकूम पाळला. तेव्हाच्या फौजदारी कायद्यात, १९३६ च्या संहितेच्या कलम १९(ब) मध्ये, हुकमाचं पालन हा बचाव मान्य होता, पण एक अट होती, हुकूम ‘उघडपणे बेकायदा’ नसावा. हालेवींनी १९५८ च्या निकालात या दोन शब्दांचा अर्थ बांधला. असा हुकूम ओळखू येतो, कारण त्याच्यावर ‘मनाई’ असं बजावणारा काळा झेंडा फडकत असतो. कायदेपंडितालाच कळेल अशी आतली त्रुटी पुरेशी नाही. डोळा आंधळा नसेल आणि काळीज दगडाचं नसेल तर नजरेला खुपावी आणि मनाला शिसारी यावी, इतकी बेकायदेशीरता वरच दिसायला हवी.

यातून तीन थर निघतात. कायदेशीर हुकूम पाळायचाच. साधा बेकायदा हुकूमही सैनिकाने पाळायचा, आणि पाळला तर त्याला संरक्षण मिळतं. उघडपणे बेकायदा हुकूम पाळायचा नाही, पाळला तर गुन्हा. मधला थर अनेकांना खटकतो. पण लढाईतल्या शिपायाला प्रत्येक हुकमाची कायदेशीरता तपासायला लावलं तर सैन्य चालणार नाही, हे न्यायालयाने ओळखलं होतं. कसोटी मुद्दाम वर ठेवली आणि त्या उंचीवर मात्र सवलत ठेवली नाही.

११ पैकी ८ दोषी ठरले. मलिंकीला १७ वर्षं, दहान आणि ओफर यांना प्रत्येकी १५. अपिलात शिक्षा कमी झाल्या, मग सरसेनापतींनी कमी केल्या, मग राष्ट्राध्यक्षांनी, आणि १९६० उजाडेपर्यंत सगळे बाहेर आले. त्याच वर्षी रामला नगरपालिकेने दहानला अरब नागरिकांच्या कामकाजासाठी अधिकारी म्हणून नेमलं. हे वाचताना संताप येतो आणि तो यायलाच हवा.

शदमींवर वेगळा खटला १९५९ मध्ये झाला. हत्येच्या आरोपातून ते सुटले. संचारबंदीच्या बाबतीत अधिकाराची मर्यादा ओलांडली एवढा दोष ठरला. शिक्षा म्हणजे ताशेरे आणि १० प्रुता दंड. तेव्हा एका पौंडात १,००० प्रुता असत. ‘शदमीचा पैसा’ हा त्या देशात वाक्प्रचारच झाला.

काळ्या झेंड्याच्या तत्त्वाची खरी उणीव इथे आहे. ते तत्त्व बरोबर आहे, पण ते गोळी झाडणाऱ्याच्या डोळ्यांची परीक्षा घेतं. जो अर्धवट शब्दांत हुकूम देतो, त्याच्या शब्दांवर झेंडा दिसत नाही, कारण शब्दच पुरे नसतात. म्हणून हुकमाच्या साखळीत जितकं वर जावं तितकी सुटका सोपी होते. वरिष्ठाने मुद्दाम ठेवलेली अस्पष्टता हाच स्वतंत्र दोष मानला, तरच हे उलटं होईल.

आपल्या कायद्यात

भारताच्या १९५० च्या सेना अधिनियमात कलम ४१ अवज्ञेचं आहे आणि शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाऊ शकते. पण कलमाचे शब्द ‘कायदेशीर हुकूम’ असे आहेत. बेकायदा हुकमाची अवज्ञा या कलमात बसत नाही. दुसऱ्या बाजूला भारतीय दंड संहितेच्या कलम ७६ खाली (आता न्याय संहितेचं कलम १४) वरिष्ठाच्या हुकमावरून जमावावर गोळी झाडणाऱ्या सैनिकाचं उदाहरण दिलं आहे : त्याने गुन्हा केला नाही. हे उदाहरण अर्धंच सांगितलं जातं. त्यात ‘कायद्याच्या आज्ञेनुसार’ हे शब्दही आहेत. शिवाय कलम वस्तुस्थितीबद्दलच्या प्रामाणिक चुकीला संरक्षण देतं, कायद्याबद्दलच्या चुकीला नाही. सायकलवरच्या माणसाच्या हातात बंदूक आहे असं खरोखर वाटलं, ही वस्तुस्थितीची चूक. नि:शस्त्र मजुराला मारायला कायदा परवानगी देतो असं वाटलं, ही कायद्याची चूक, आणि तिला इथे आसरा नाही. नाकाबंदीवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला हा फरक कफर कासिमच्या उदाहरणावरून शिकवता येतो, कारण तिथे सायकली थांबवून, माणसं जवळून पाहून मग गोळ्या झाडल्या गेल्या.

इस्राएलचे राष्ट्राध्यक्ष शिमोन पेरेस यांनी २००७ मध्ये गावात जाऊन माफी मागितली. खटल्याची बरीचशी कागदपत्रं मात्र २०२२ पर्यंत बंद होती. ती खुली झाली तेव्हा त्यातल्या साक्षींमध्ये त्रिकोणातल्या गावांना युद्धकाळात हलवण्याच्या एका योजनेचे उल्लेख आले. तिचं नाव होतं ‘हफारपेरेत’, म्हणजे चिचुंदरीसारखा जमीन पोखरणारा प्राणी. शदमी २०१८ मध्ये वारले. त्याआधी इतिहासकार आदम राझ यांच्याशी बोलताना, आपला खटला वरच्या लोकांना झळ लागू नये म्हणून उभा केलेला देखावा होता, असं ते म्हणाले होते. त्या दुपारच्या हुकमाची सुरुवात शदमींच्या खोलीत झाली की त्याच्याही वर, हा प्रश्न त्यामुळे आता पुन्हा उघडला आहे.